वेणीवालीचे दोन हंडे

वेणीवालीला काय काय येतं, असं मला विचारलं गेलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि अक्कल बहुधा अजून जन्मायची होती. मी म्हटलं, "सगळं येतं."

"सगळं म्हणजे?"

"उडता येतं. अदृश्य होता येतं. वेणीने वादळ बांधून ठेवते. मेलेलं माणूस उठवते. आणि चुलीवर नुसता हात फिरवला की भात!"

विचारणारी समोरच्या खोलीतली मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांचा एक खेळ चालायचा, त्याची ती अंपायर. संपाला कित्येक महिने झाले होते. गिरण्या बंद, बापमाणसं दिवसभर खोलीत, पोरांना पाय ठेवायला जागा नाही. म्हणून आम्ही गॅलरीत राज्य वसवलं होतं. जिन्याचा कोपरा म्हणजे किल्ला, संडासाकडची अंधारी बोळ म्हणजे पाताळ. प्रत्येकाचं एक सोंग. कुणी राक्षस, कुणी पोपट, एक जण तर नुसती तलवार. माझी वेणीवाली आजीच्या गोष्टीतून आलेली. गोष्टीत ती एकटीच होती, तिला अडवणार कोण? इथे आम्ही नऊ जण होतो.

अंपायरने वेणीवालीच्या शक्ती छाटायला घेतल्या.

"उडायचं तर कठड्याच्या आत. अदृश्य हो, पण आईने हाक मारली की दिसायचं. मेलेलं उठवायचं नाही, मग लढाईत मजा काय? आणि भात बंद."

"भात का बंद?"

"कुणालाच भात नाही. खेळून घरी गेलं की जास्त भूक लागते. मागे ही छोटी पोरं रडत बसली." मग ती म्हणाली, "आणि मोठ्या माणसांवर जादू चालत नाही."

हा नियम कसा झाला ते मला ठाऊक होतं. खेळाच्या पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी आपापल्या शक्ती एकत्र करून गिरणीचा भोंगा वाजवायला घेतला होता. डोळे मिटून, हात धरून. तो वाजला नाही. दोघांनी खेळ सोडला.

पण मला तर जादू मोठ्यांवरच चालवायची होती. येत्या रविवारी बाबा मला कोकणात काकीकडे पोचवणार होते. पाठचे दोन भाऊ लहान, ते इथे राहणार. मी गेले की घरात एक तोंड कमी. शाळा सुटणार, आई सुटणार, आणि परत कधी आणणार असं विचारलं की आई स्टोव्हची पिन शोधायला लागायची. माझी पक्की खात्री होती की वेणीवालीला या राज्यात घेतलं, तर रविवार येणारच नाही. हसू नका. मी हसते, तुम्ही नका.

"माणसांवर नाही, वस्तूंवर चालेल?" मी विचारलं.

"काय करणार वस्तूंना?"

"जड करीन."

अंपायरने विचार केला. "दोन हंडे."

हल्ली माझी नात मैत्रिणींना जमवून फाशांचा खेळ खेळते. त्यात कुणाला किती शक्ती द्यायची याचं जाडजूड पुस्तक असतं म्हणे. आमचं पुस्तक म्हणजे मजल्यावरचा नळ. खोलीमागे दोन हंडे, आजचे उद्यावर ढकलायचे नाहीत, नंबर चुकला की गेला. जादूलाही तोच हिशेब, एक वस्तू म्हणजे एक हंडा. आयांना तासन्तास भांडून जे जमलं होतं, ते आम्ही आयतं उचललं होतं.

रविवारी सकाळी आई पाण्याला गेली, बाबा भावांना घेऊन खाली. खाटेखालची पत्र्याची ट्रंक भरून तयार होती. माझे तीन फ्रॉक आणि काकीला द्यायची जुनी लुगडी. मी वेणी पुढे घेतली, ट्रंकेवरून फिरवली आणि उचलून बघितली. सहज उचलली गेली.

मी रडतच समोरच्या खोलीत गेले. "जड होत नाही गं!"

"मग?"

"पाटा घालूया."

"ए शाणी, ही जादू आहे का?"

"पाटा एक हंडा, वरवंटा दुसरा. दोनच होतात."

तिने माझ्याकडे बघितलं. नियमात बसत होतं. आली बिचारी. आमचा पाटा मोरीशेजारी भिंतीला टेकून उभा असायचा. घरात नारळ येईनासा झाल्यापासून तो कुणी आडवा केला नव्हता. आम्ही दोघींनी दातओठ खाऊन तो ट्रंकेत घातला, वर वरवंटा, त्यावर लुगडी. ती म्हणाली, "आता देव येऊ दे, नाही हलणार," आणि पळाली.

बाबा आले. वाकले, कडी धरली, उचलली. ट्रंक वीतभर उठली आणि धाडकन खाली आली. पुन्हा धरली. पुन्हा तेच. मग ते जमिनीवरच बसले आणि आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

मी मनातल्या मनात उड्या मारत होते. जिंकली माझी वेणीवाली!

आई हंडा घेऊन दारात उभी. "काय झाला?"

"चेडवाची ट्रंक उचलवणा नाय माका," बाबा म्हणाले. "तीन फ्रॉक गो. उद्या शिवडीक गोदामात गोणी उचलूक जावचा हा. माका कोण उभो करतलो?"

माझ्या बाबांनी आयुष्यभर माग चालवला होता. गोदामातलं ते काम त्यांना कुणाकुणाच्या पाया पडून मिळालं होतं. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. मी गप्प राहिले असते तर तो रविवार खरंच टळला असता. बाबा कुठे जायच्या अवस्थेतच नव्हते. माझ्या जादूचा मोठ्या माणसावर इतका परिणाम झाला होता, की मला तो बघवेना.

"बाबा, आत पाटा आहे," मी म्हटलं. "वरवंटाही."

त्यांनी झाकण उघडलं. लुगडी बाजूला केली. मला वाटलं, आता बसते कानाखाली. पण ते बराच वेळ आत बघत राहिले आणि मग त्यांच्या खांद्यात कसलासा ताठपणा आला. झाकण लावलं. पाय फाकून बसले, श्वास घेतला आणि अख्खी ट्रंक खांद्यावर चढवली.

आई ओरडली, "अवो, पाटो तरी भायर काढा!"

"रवांदे. वाटूक काय आसा घरात?"

आणि ते निघाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. गॅलरीतून जाताना दारादारातली माणसं बघत होती आणि मी मूर्ख कार्टी त्यांच्यामागून टाळ्या वाजवत पळत होते. "माझे बाबा! पाट्यासकट!"

ती ट्रंक कुणाची, ती कुठे चालली आहे, हे मला दुसऱ्या मजल्यावर आठवलं. तिथे मी कठडा धरला. आई मागून आली. तिला माझं एकेक बोट सोडवावं लागलं, आणि एक सोडवलं की मी पहिलं पुन्हा धरायची.