वाफेच्या पेटीपाशी शालनआक्का

हातकणंगल्याच्या बाजारात भाजी घेत होते, तेव्हा भाच्याचा फोन आला. "मावशी, आई गेली." शालनआक्का, माझी थोरली बहीण, सकाळी चहा पिऊन आडवी झाली ती उठलीच नाही. इतकं शांत मरण तिच्या वाट्याला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं...

कोल्हापुरात दाजींचा खुर्च्यांचा कारखाना होता. तुतीच्या लाकडाची पट्टी वाफेच्या पेटीत शिजवायची, मऊ झाली की झटकन काढून लाकडी फर्म्याभोवती वाकवायची, शिकंज्यांनी आवळायची आणि पुरती वाळेपर्यंत तशीच ठेवायची. मग लाकडाला आलेला तो बाक जन्मभर टिकतो. दारूनं दाजींचे हात थरथरू लागले तसं हे काम आक्कानं उचललं. गिऱ्हाइकं "वहिनींनी वाकवलेलीच द्या" म्हणू लागली, आणि घरात दाजींचा मार सुरू झाला. कधी पट्ट्यानं, कधी हाताला येईल त्यानं.

एका दुपारी मी मदतीला गेले होते. पेटीतून पट्टी काढली, एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या, आणि दाजी आत आले. "मालक कोण हाय हितं?" म्हणत त्यांनी सागाची रीप उचलली आणि तिच्या पाठीत हाणली. मी टोक सोडणार, तोच ती म्हणाली, "सोडू नगं सुमे. थंड झालं की चिरतंय." दुसरा घाव खांद्यावर बसला, तिसरा डोक्यात. रक्त भुवईवरून ओघळून लाकडावर पडत होतं आणि ती शिकंजा आवळत होती. शेवटचा आवळला. मग ती वळली. रीप धरलेला त्यांचा हात मनगटात पकडला आणि उघड्या पेटीच्या तोंडात, वाफेत कोंबला... आणि धरून ठेवला. दाजींची किंकाळी ऐकून शेजारचे धावत आले. जाड हातमोजे असूनही तिचंही मनगट भाजलं होतं.

त्यांच्या हातावर पाणी ओतून तिनंच त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा दाजी खाली बघत म्हणाले, "वाफ लागली." आक्का म्हणाली, "न्हाय. मी धरला हात. आन् हे डोकं ह्यांनी फोडलंय. दोन्ही लिवा."

त्यानंतर त्यांनी तिच्यावर हात उगारला नाही. दाजींची बोटं आखडली होती, भाकरी मोडता येत नव्हती. आक्का आमटीत भाकरी कुस्करून ताट पुढं ठेवायची आणि निघून जायची. ते वारेपर्यंत तिनं हे केलं. मी एकदा विचारलं, "वाईट वाटतं का गं?"

"वाटतंय की," ती म्हणाली. "पर परत तसंच करीन."

दाजी गेल्यावर ती अधूनमधून माझ्याकडं राहायला यायची. कुठंही बसली तरी दाराकडं तोंड करून. पाठीमागून कुणी आलं, नातवंड जरी आलं, तरी खांदे आक्रसायचे. माझ्या स्वयंपाकघरात तिची एक खुर्ची ठरलेली होती. परवा सुनेनं झाडताना ती भिंतीकडं फिरवली. सून बाहेर गेल्यावर मी उठले आणि खुर्ची पुन्हा दाराकडं करून ठेवली.