हवाई अंतर

आमचे हे खर्डीच्या शाळेत भूगोल शिकवायचे आणि मी धसईच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला, एका वाडीवरच्या शाळेत. लग्न झाल्यापासून चार वर्षं असंच चाललं होतं. तीन वर्षांची लेक खर्डीला सासूबाईंजवळ. त्या वर्षी नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोंना जवळ आणण्यासाठी बदल्या निघाल्या. दोघांच्या गावांत बरंच अंतर असेल तरच अर्ज धरणार होते. मला वाटलं, सुटले एकदाची. लेकीला घेऊन एका घरात राहायचं, एवढंच तर मागणं होतं.

अर्ज ह्यांनीच भरला, अक्षर चांगलं म्हणून. महिन्याभराने नामंजूर होऊन आला. कारण काय, तर अंतर नियमात बसत नाही. मी झेरॉक्स पाहिली आणि कपाळावर हात मारला. ह्यांनी नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजलं होतं, आणि पुढे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, ‘हवाई’.

जाब विचारला तर मलाच शिकवायला लागले. रस्ता आज इथून जातो, उद्या तिथून. दोन ठिकाणांमधलं खरं अंतर सरळ रेषेतलंच. मी म्हटलं, मी काय घार आहे? की धसईला विमान उतरायला लागलं? त्यावर हसले. कारकुनाची चूक असती तर भांडले असते. इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढचे अर्ज निघायला वर्ष होतं.

आणि माझा रस्ता कसा? शनिवारी सकाळची शाळा सुटली की वाडीवरून धसईपर्यंत पायी. तिथून मुरबाडची एसटी, मुरबाडहून कल्याणची. म्हणजे घर एकीकडे आणि मी निघाले भलतीकडे. मग कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीने पुन्हा वर, खर्डीला. शहापूरवरून जवळ पडतं खरं, पण त्या एसटीच्या नादाने दोनदा फाट्यावर संध्याकाळ काढली होती. ह्यांनी मात्र माझी वाडी नकाशावरच पाहिलेली. मी रुजू झाले तेव्हा सोबत सासरे आले होते.

त्या रविवारी निघताना मी सांगून टाकलं, पुढच्या शनिवारी मी येणार नाही, लेकीला घेऊन तुम्हीच या. सासूबाई म्हणाल्या, “पोरीला कशाला हिंडवतं गो एवढ्या लांब?”

मी म्हटलं, लांब कुठे, ह्यांना विचारा.

पुढच्या शनिवारी वाडीच्या वाटेवर दिसले तेव्हा दिवे लागले होते. लेक खांद्यावर झोपलेली. एसटीत ओकली होती, ती सगळी ह्यांच्या शर्टावर. एका चपलेचा अंगठा तुटलेला, ती चप्पल हातात. मी लेकीला घेऊन आत निजवलं आणि पाणी दिलं. दोन तांबे प्यायले आणि ओट्यावर बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “दर शनिवारी एवढ्या लांबून येतेस तू?”

हे ऐकून बरं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला. चार वर्षं मी दारात आले की हे विचारायचे, गाडी मिळाली का? मी मिळाली म्हणायचे आणि पदर खोचून भाकऱ्यांना लागायचे.

“आणि रविवारी परत जाते,” मी म्हटलं.