सुरांच्या आधीचा श्वास

स्टुडिओत तिला सगळे खोकलेबाई म्हणत. मैफलींच्या रेकॉर्डिंगमधून प्रेक्षकांचे खोकले, खुर्च्यांची कुरकुर, खाली पडलेल्या किल्ल्या काढून टाकायच्या, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. कान इतके तिखट, की नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर मनातल्या मनातही बोलायची सोय नाही."

एके सकाळी जॅझ पियानोच्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग आलं. स्टेजवर वादक एकटाच. सगळ्यांच्या ओठांवरची जुनी गाणी त्याने पार उसवून नव्याने विणली होती. त्याचा अल्बम करायचा होता.

दुसऱ्या गाण्यात तिला श्वास ऐकू आला. तिने पुसला. पुन्हा आला. प्रेक्षकांकडच्या मायक्रोफोनमध्ये तो नव्हता, वादकासमोरच्याही नव्हता. फक्त पियानोच्या पोटात, तारांवर टांगलेल्या मायक्रोफोनमध्ये होता. आणि दर वेळी सुरांच्या जरासा आधी. आधी श्वास, मग बोटं.

तिने चिकाटीने सगळे श्वास काढले. सूर तेच राहिले, पण वादन लंगडायला लागलं. हाक न ऐकताच ओ द्यावी तसं.

तिने वादकाला बोलावून घेतलं. साठीचा, अबोल माणूस.

"हा श्वास तुमचा नाही ना?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्हालाही येतो ऐकू?"

"कुणाचा आहे?"

"माहीत नाही हो. चौदा वर्षं झाली. आधी खूप लांबून यायचा. तो आला की मी वाजवतो, एवढंच."

तिने शेवटचं गाणं लावलं. त्यातला अखेरचा श्वास आत घेतलेला ऐकू येत होता. सोडलेला कुठेच नव्हता.

"सगळे ठेवा," म्हणून तो उठला.

अल्बम श्वासांसकट निघाला. वादक जीव ओतून वाजवतो, असं लोक म्हणाले. त्याने मात्र पुढे एकही मैफल केली नाही.

काही महिन्यांनी ती त्याच्या घरी गेली. दार त्याच्या बहिणीने उघडलं. भर दुपारी तो पियानोसमोर बसला होता, हात मांडीवर.

"रोज असाच बसतो," बहीण कुजबुजली. "जेवायला उठतो, परत बसतो."

खोकलेबाई त्याच्याशेजारी टेकली. "काय करताय?"

"वाट बघतोय."

तिला राहवलं नाही. ऐकू जाईल असा तिने श्वास घेतला. त्याचे हात उचलले गेले. वळूनही न बघता तो वाजवू लागला.

मग ती दर गुरुवारी जायला लागली. नवऱ्याने विचारलं, "तिथे करतेस तरी काय?"

"बसते."

गेल्या गुरुवारी ती दारात बहिणीशी बोलत उभी होती, आणि मागे पियानो सुरू झाला.

"बघा, सुटलं एकदाचं त्याचं ते वाट बघणं!" बहिणीचे डोळे भरून आले.

खोकलेबाईला मात्र सुरांच्या जरासा आधी श्वास ऐकू आला होता, आणि तो तिचा नव्हता. तिने पायात चपला सरकवल्या. जिना उतरेपर्यंत तिने स्वतःचा श्वास रोखून धरला होता.