भोंग्याला करंट नव्हता

आधीच सांगून ठेवतो, म्हणजे खाली कोणी शहाणपणा शिकवायला नको — असल्या गोष्टी मी मानत नाही. आखाडा बाळापूरला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. करंट डोळ्यांना दिसत नाही पण झटका देतो, एवढी एकच अदृश्य शक्ती मला मान्य आहे. दुकानाला लिंबू-मिरची बांध म्हणणाऱ्यांशी मी भर बाजारात भांडलेलो आहे. तरीही हे लिहितोय, कारण डोक्यातून जात नाही.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. डोंगरकडा गावाच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या खळ्यावर वर्षातून एकदा दिवसभर गाण्यांचा कार्यक्रम असतो. तिकीट नाही, पाहुणे कलाकार नाहीत. आपली सतरंजी आणि डबा घेऊन यायचं, लेकराबाळांसकट बसायचं, ऊन उतरलं की घरी. माझ्या वडिलांना, बापूंना, तिथे न्यायचं माझ्या बायकोने, सुनीताने, कबूल केलं होतं.

बापूंनी सारी हयात भजनात ढोलकी वाजवली. आता ऐंशीच्या घरात आहेत आणि विसरतात. आधी चष्मा विसरले, मग रस्ता, मग मला. सुनेला मात्र बराबर ओळखतात! मला ‘ड्रायव्हर साहेब’ म्हणतात. मी हसण्यावारी नेतो... दुसरं काय करणार.

पुण्याच्या थोरल्या भावाने फोनवर तंबी दिली होती, “गर्दीत नेऊ नकोस. काही झालं तर यापुढे त्यांचं बाहेर जाणं बंद. दाराला कुलूप.” सुनीताने फोन घेतला, “हो भाऊजी” म्हणाली, आणि बापूंचा फेटा इस्त्रीला टाकला.

गाडीत बापू सारखे विचारत होते, “ड्रायव्हर साहेब, लग्न कोणाचं हाय?”

“लग्न न्हाई बापू. गाणे हायत.”

“मंग नवरी कुठं हाय?”

पोचलो, सतरंजी टाकली. कार्यक्रम सुरू व्हायचा होता. सुनीताने धपाटे आणि दही काढलं. बापूंनी पहिला घास घेतला आणि बाभळीला बांधलेला भोंगा खरखरला.

“सूचना ऐका... बाळापूरचे मोटारवाले, ध्यान द्या. तुमचे फेटेवाले बापू केळीच्या बागंत, विहिरीपाशी बसले हायत. पळत येऊ नका. हाका मारू नका. गाणं म्हणत या.”

मी बापूंकडे पाहिलं. बापू माझ्याकडे. हातात धपाटं, मिशीला दही.

“मी तर हितं हाय,” ते म्हणाले.

शेजारच्या सतरंजीवरचे मिशीवाले काका पोट धरून हसले. म्हणजे ऐकलं सगळ्यांनीच. माझ्या एकट्याच्या कानाचा दोष नाही. माझं डोकं सटकलं. आपल्या आजारी माणसाची कोणी चेष्टा करतंय, तेही नाव घेतल्यासारखी! तरातरा साऊंडवाल्या रफिकचाचांकडे गेलो. चाचा खाटेवर बसून वायरींचा गुंता सोडवत होते.

“चाचा, हे काय लावलंय भोंग्यावर?”

“कायकू गुस्सा होरे भाई? जनरेटर आया नै अभी.”

मी स्वतः तपासलं. हे माझं कामच आहे. जनरेटरचा ट्रॅक्टर अजून फाट्यावर अडकलेला होता. अँप्लिफायर पेटीत, पेटीला कुलूप. भोंग्याची वायर बाभळीखाली मोकळी लोंबत होती, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. बॅटरी नाही, ब्लूटूथ नाही. चाचांनी कानाला हात लावून शपथ घेतली. दूरच्या कुठल्या गावचा भोंगा असेल, असं म्हणत मी परत आलो. पण कुठल्या गावाला माझे बापू ठाऊक?

मग जनरेटर आला, गाणी सुरू झाली आणि मी ते विसरलोही. खोटं कशाला बोलू, मजा आली. तांड्यावरच्या बाया गोल करून गायल्या. रफिकचाचांच्या मेहुण्यांनी कव्वाली अशी उचलली की मिशीवाले काका टोपी उडवायला लागले. बापू मांडीवर ठेका धरून बसले होते. विसरलेला माणूस, पण एक मात्रा चुकत नव्हती. सुनीता मला कोपराने ढोसून म्हणाली, “बघा, आणलं ते बरं केलं का नाही?”

ती पाणी भरायला गेली. मी बसलो मिशीवाल्या काकांशी वाद घालत. ते म्हणत, सकाळचं ते भूत होतं. मी त्यांना स्पीकरची कॉइल समजावत होतो. वाद मीच जिंकला. वळून पाहिलं तर बापूंची जागा रिकामी.

चपला न घालता मी रफिकचाचांच्या माईककडे पळालो. मधेच सुनीताने हात धरला.

“अहो, केळीची बाग!”

“वेडी हायस का?”

“असंल. चला.”

खळ्यामागेच बाग होती. मी ओरडत आत शिरणार तेवढ्यात तिने शर्ट ओढला. “हाका मारू नका म्हणलं होतं ना? गाणं म्हणा!”

आता, मला गाणं येत नाही. लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली की लोक माझ्यापासून लांब उभे राहतात. बापूंच्या एका भजनाची दीड ओळ तेवढी पाठ होती. ती म्हणत, पानं बाजूला सारत चाललो. सूर कुठल्या कुठे.

पुढे विहीर. जुनी, बिनकठड्याची. आणि तिच्या काठावर बापू, पाय आत सोडून. खाली काळं पाणी. मी हाक मारली असती, तर ते दचकले असते. पुढचं मला लिहवत नाही.

मी दीड ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून म्हणत होतो. बापूंचा हात मांडीवर ठेका द्यायला लागला. मग थांबला. त्यांची मान नापसंतीने हललेली मला मागून दिसली. त्यांनी एक पाय वर घेतला, दुसरा घेतला, वळले, काठापासून सरकत आले आणि माझ्यावर डाफरले, “अहो ड्रायव्हर साहेब, समेवर या की! सगळ्या भजनाची वाट लावून राहिले तुमी!”

मी त्यांना मिठीच मारली. सुनीता हसत होती आणि रडत होती.

“मामा, हितं काहून आलात?” तिने सासऱ्यांना विचारलं.

“घ्या! सकाळी भोंग्यावर सांगितलं ना, मी विहिरीपाशी हाय म्हणून? मी हितं नसलो तर सांगणारा खोटा पडंल ना.”

त्यांच्या पिढीचं असंच आहे. रेशन आलं, लाइट जाणार, कोण वारलं... भोंग्यावर आलं म्हणजे खरंच. म्हणजे सूचना झाली म्हणून ते तिथे गेले, आणि सूचना झाली म्हणूनच वाचले. हे मी किती वेळा मांडून पाहिलं, सर्किट जुळत नाही. मुळात बोललं कोण? रफिकचाचांनी त्या दिवसापासून तो भोंगा वापरलेला नाही. थोरल्याला अजून सांगितलेलं नाही. त्याने हे वाचलं तर वाचलं. बापूंच्या दाराला मी कुलूप लावणार नाही.

परत येताना गाडीत मी सहज विचारलं, “बापू, भोंग्यावर कोण बोललं असंल हो?”

“माहं पोरगं,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “त्याचा आवाज मी वळखणार न्हाई व्हय? बाळापूरला मोटारीचं दुकान हाय त्याचं. लई जीव हाय त्याचा माह्यावर. तुमी न्हाई वळखणार त्याला.”

मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी बाजूला घेतली आणि थोडा वेळ तशीच उभी ठेवली. बापूंनी मागून खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “दमले का, ड्रायव्हर साहेब? निवांत चला. घरी पोरगं वाट बघत असंल, पर ते रागवत न्हाई.”