अर्ध्या गाठी सुटलेला महारोग

माझ्या नवऱ्याचं ताट घरात कुणीच वेगळं केलं नव्हतं. ते त्यांनी स्वतःच केलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आम्ही ढिवर, तलावाच्या मासळीवर जगणारे. नव्वदच्या दशकात एकदा जाळं ओढताना माशाचा काटा त्यांच्या बोटात खोल रुतला.
त्यांना कळलंच नाही. रक्त पाहून मीच ओरडले.

गडचिरोलीच्या दवाखान्यात कुष्ठरोग निघाला. गावात त्याला एकच शब्द, महारोग.

गोळ्या पूर्ण झाल्या. डॉक्टर म्हणाले, बरे झालात.
यांचं ताट मात्र ओसरीतच राहिलं.

मग मुलगी मीना बाळंतपणाला आली. नात झाली. हे लांबूनच टाळ्या वाजवायचे, जवळ घ्यायचे नाहीत.

"डाक्टरनं सांगतलं ना, आता काई नाई म्हणून?"
"मोठा रोग हाय, मीनाची माय. उगाच महा म्हणते का लोक?"

मी चौथी शिकलेली. मासळी बांधायची रद्दी आधी वाचून काढायची. गिऱ्हाईक ओरडायचं, "बाई, मासोळी वास मारून राह्यली, पेपर मंग वाचजा!"

त्या रद्दीतच एक बातमी सापडली. घरी येऊन यांना वाचून दाखवली.

शास्त्रज्ञांनी टीबीचा जंतू आणि कुष्ठरोगाचा जंतू, दोघांचे जीनोम, म्हणजे जगण्याचा सगळा आराखडा, शेजारी ठेवून ताडून पाहिले. दोघं एकाच कुळातले. पण कुष्ठरोगाच्या जंतूची जवळपास अर्धी जनुकं मोडलेली, नाहीतर गळून गेलेली.
दोघांकडे जे सारखं उरलंय, त्यात शरीरात लपून राहायची युक्ती असावी. म्हणून आता तेच तपासतात.

हे जाळं विणत होते. हात थांबला.

"म्हंजे अर्ध्या गाठीच सुटल्या?"
"हो. आता अंगाबाहेर तो वाढतच नाई. प्रयोगशाळेत काईही खाऊ घाला, नाई म्हणजे नाई."
"तरी माही बोटं खाल्ली त्यानं."
"उरलेल्या गाठीनं खाल्ली. पण तो गोळ्यांनी मेला ना?"

त्यांनी जाळं खाली ठेवलं.

"त्याले बाहेर जगता येत नाई. आन मी त्याच्यापायी बाहेर जेवून राह्यलो?"

मग हसूच लागले. "कायचा महा! फाटकं जाळं हाय लेकाचं."

उठले. साबणानं हात धुतले. पुन्हा धुतले.

"आण पोरीले."

ती नात आता कॉलेजात आहे. आज नैवेद्य वाढताना तिनं विचारलं, "आजी, आबाचं ताट कोणतं?"

म्हटलं, कोणतंही घे.

मीनाचे बाबा, पान आत वाढलंय. सगळ्यांसोबत. भरल्या मनानं नमस्कार.