काकवी किती अंशांना उकळते

“एक मार्क कमी आहे, मॅडम. एकच आहे, पण कमी म्हणजे कमी. तुम्ही यात पडू नका.”

इंगवले सर आमचे मुख्याध्यापक. त्यांनी यादीवर सही केली, पेनाला टोपण लावलं आणि विषय संपला असं धरून चालले. माझा तिथून सुरू झाला.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका हायस्कूलमध्ये मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. आमच्याकडे आठवीला सेमी इंग्लिशची एक तुकडी असते, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. जागा चाळीस आणि मागणारी मुलं तिप्पट. म्हणून एक तोंडी परीक्षा घ्यायची पद्धत पडली. महिनाभर आधी मुलांना पन्नास शब्दांची यादी द्यायची. सेल, ऑस्मोसिस, अ‍ॅसिड, बेस, डेन्सिटी, बॉइलिंग पॉइंट. जीवशास्त्र, रसायन, भौतिक, तिन्हीची बाराखडी म्हणा. मुलानं डब्यातून दहा चिठ्ठ्या उचलायच्या आणि उत्तरं द्यायची, मराठीतून दिली तरी चालतात. प्रत्येक चिठ्ठीला दोन मार्क.

त्या वर्षी यादी अठरा मार्कांवर बंद झाली. गडमुडशिंगीच्या ऋतुजा खोतला सतरा पडले होते.

सेमीत जागा न मिळणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळणार नाही. आमची प्रयोगशाळा एकच. तिचे सगळे तास सेमीला. दुसऱ्या तुकडीतली मुलं प्रयोग फळ्यावर बघतात. परीक्षानळी हातात न धरता दहावी पास झालेली मुलं मी पाहिली आहेत, आणि दर वेळी मला त्याची लाज वाटली आहे. ही पोरगी तर सातवीत असताना मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या खिडकीला नाक लावून उभी राहायची.

तोंडी घेतली होती देसाई सरांनी. तरुण माणूस, कामाला चोख. मी त्यांना गाठलं.

“कुठे गेला हिचा मार्क?”

“बॉइलिंग पॉइंट, मॅडम. व्याख्या बरोबर दिली, एक मार्क दिला. मग विचारलं, द्रव उकळत असताना त्याचं तापमान वाढतं का? तर म्हणाली, वाढतं. मी म्हटलं, परत विचार कर. तर म्हणते, ‘वाढतंय की सर. आमच्या काहिलीत रस उकळाय लागल्यावर बी तापतच जातोय.’ आन्सर की मध्ये आहे ‘वाढत नाही’. मी काय करणार?”

ऋतुजाचे वडील गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत आटवतात, तेव्हा तो कधी उतरवायचा हे ठरवणारा कारागीर म्हणजे गुळव्या. अंदाज जरा चुकला की सगळी काहील वाया. पोरगी लहानपणापासून त्या काहिलीच्या कडेला वाढलेली.

आणि तिचं बरोबर होतं! नुसतं पाणी उकळत ठेवलं तर तापमान एका जागी थांबतं, कितीही जाळ घाला. पण रसात साखर आहे. पाणी वाफ होऊन जातं, साखर मागे राहते, रस दाट होत जातो आणि दाट रसाला उकळायला जास्त तापमान लागतं. शंभराच्या पुढे चांगलं पंधरा-अठरा अंश गेल्याशिवाय गूळच होत नाही. तापमान स्थिर राहतं ते शुद्ध द्रवाचं. आन्सर की मध्ये ‘शुद्ध’ हा शब्दच नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“कुठल्या शहाण्यानं केली ही आन्सर की?”

देसाई सरांनी कपाटातून जुनी फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. अकरा वर्षांपूर्वीचा हातानं लिहिलेला कागद. अक्षर माझं. ‘शुद्ध द्रवाचे तापमान’ असंच लिहिलं होतं मी आधी, आणि मग लाल पेनानं ‘शुद्ध’ खोडलं होतं. बाजूला शेरा: ‘पाठांतराला सोपे’.

मी खुर्ची ओढून बसले. अकरा वर्षं मुलं माझी चूक पाठ करत होती आणि आम्ही त्यांना पैकीच्या पैकी मार्क देत होतो.

दुसऱ्या दिवशी ऋतुजाचे वडील आले. मार्कावरून भांडायला येणारे पालक आवाज चढवूनच येतात. हा माणूस दारातच थांबला. हातात काकवीची बाटली. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या थोडं आधी काढून घेतलेला पाकासारखा रस.

“मॅडम, मार्काचं ऱ्हाऊ दे. पर पोरगी खोटं बोलली म्हणत्यात, त्ये पटंना. ती काल जेवली न्हाई. हे घ्या, तुमीच उकळून बगा.”

“कोणी म्हटलं खोटं बोलली?”

“वर्गातली पोरं. पुस्तकात न्हाई ते बोलती म्हनून हसत्यात तिला.”

त्यांना घेऊन मी सरळ इंगवले सरांच्या केबिनमध्ये गेले. ऋतुजालाही वर्गातून बोलावलं. सर वैतागले, पण प्रयोगशाळेत आले. मी दोन बीकर मांडले, एकात पाणी, एकात काकवी. खाली स्पिरिटचे दिवे लावले. थर्मामीटर ऋतुजाच्या हातात दिला.

आधी पाणी उकळलं. ती वाकून बघत म्हणाली, “अठ्ठ्याण्णव.”

“शंभर म्हण,” इंगवले सर म्हणाले. “थर्मामीटर जुना आहे.”

थर्मामीटर बरोबर होता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून बरंच उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी आणि पाणी थोडं आधीच उकळतं. आमच्याकडे ते अठ्ठ्याण्णवलाच उकळणार. पण आमच्या प्रयोगशाळेची रीत अशी, की काचेवर काहीही दिसो, जर्नलमध्ये शंभर लिहायचं. कारण पुस्तकात शंभर आहे. मीसुद्धा तेच लिहून घेत आले होते.

मग काकवी खदखदली. “एकशे पाच,” ऋतुजा म्हणाली. थोड्या वेळानं एकशे सहा. मग एकशे आठ. बीकरमध्ये फुगे मोठे व्हायला लागले, गुळाचा वास व्हरांड्यापर्यंत गेला. पारा चढतच होता. आमचा थर्मामीटर एकशे दहापर्यंतचाच.

“काढ गं बाहीर, फुटंल त्ये,” वडील म्हणाले.

तिनं काढला.

“बरं, समजलं,” शेवटी इंगवले सर म्हणाले. “पण मॅडम, उत्तर बदललं तर बाकीच्यांचे मार्क कापावे लागतील. ही चिठ्ठी किती जणांना आली असेल! पालक शाळा डोक्यावर घेतील. मी असं करतो, एक बाक वाढवतो.”

बाक वाढला. रजिस्टरमध्ये ऋतुजाच्या नावापुढे शेरा पडला: ‘विशेष बाब म्हणून प्रवेश’. मी तीन वेळा जाऊन भांडले, की विशेष बाब काय, ‘उत्तर बरोबर होते’ असं लिहा. सर म्हणाले, “तिला प्रवेश मिळाला ना? मग?” चूक आमची आणि उपकार तिच्यावर! मला त्याचा आजही संताप येतो. तो शेरा तसाच आहे.

मला एवढंच करता आलं, की आन्सर की मध्ये ‘शुद्ध’ हा शब्द माझ्या हातानं परत लिहिला आणि खाली तारीख घालून सही केली.

पुढे दिवाळीआधी आठवीच्या सेमी तुकडीनं पाणी उकळण्याचा प्रयोग केला. जर्नल तपासायला माझ्याकडेच आली. चाळीस वह्यांमध्ये शंभर होतं आणि एका वहीत अठ्ठ्याण्णव.

त्या चाळीस वह्या मी प्रयोग पुन्हा करायला सांगून परत केल्या. देसाई सरांनी विचारलं, “कुणाचं काय चुकलं, मॅडम?”

“त्यांचं काही नाही,” मी म्हटलं. “आपण शिकवलं तसंच लिहिलंय त्यांनी.”