शेवटची नऊ पानं

दिल्लीत मुनिरक्याच्या गल्लीत जुनी पुस्तकं विकणारा तो म्हातारा हातात आलेलं पुस्तक आधी गालाला लावून दमट आहे का बघायचा, मग पहिल्या पानावरचं मालकाचं नाव वाचायचा. ह्यांच्या वर्षश्राद्धानंतर मी ह्यांची पुस्तकं त्याच्याकडे घेऊन गेले. नाव वाचून तो थांबला.

"साहब बीमार हैं क्या, भाभीजी?"

"नहीं रहे. एक साल हो गया."

त्याने फळीमागून एक कादंबरी काढली. स्वप्नासाठी घरदार सोडून निघालेल्या माणसाची, स्पर्धा परीक्षेची मुलं उशाशी ठेवतात तसली. आत खुणेला बसचं तिकीट होतं.

"हर शनिवार इसी स्टूल पर पढ़ते थे. नौ पन्ने बाकी हैं."

शनिवारी हे ऑफिसात असतात, असं मी धरून चालले होते. घरी तर असल्या पुस्तकांना हे हसायचे.

"घर क्यों नहीं लाए?"

"मैंने भी कहा, ले जाइए. बोले, पूरी पढ़ ली तो सोमवार को इस्तीफ़ा देना पड़ेगा." तो हसला आणि लगेच ओशाळला.

राजीनामा देऊन ह्यांना काय करायचं होतं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

मी पर्स उघडली.

"बेचनी नहीं है," म्हणत त्याने स्टूल पुढे सरकवला.

मी बसले. तिकीट होतं तिथेच राहू दिलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.